न भरलेल्या रकान्याचा धनी

"रेकॉर्डवर आलंय म्हणजे काहीतरी असणारच की गं," सासूबाई फोनवर म्हणाल्या. "मशीन कशाला खोटं बोलंल? त्याचं काय तू घोडं मारलंयस?"

शाल्मलीनं फोन कानापासून जरा लांब धरला. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून सासूबाई घाईत होत्या, आणि घाईतलं माणूस मनातलं बोलून जातं. तशा त्या वाईट नव्हत्या. पावनी दवाखान्यात होती तेव्हा शेडबाळहून मिरजेला येऊन राहिल्या होत्या, सुनेला बळंबळं भात भरवला होता. पण तेव्हा नोंद यायची होती.

"असू दे आई," ती म्हणाली. "तुम्ही जेवून घ्या."

नोंद चार ओळींची होती. बाळ: पावनी अभिनंदन मगदूम. सांभाळणारी व्यक्ती: आई. सूचना सहा वेळा दिली, उत्तर नाही. कारण: पालकाची हयगय.

यातला एकही शब्द कुणा माणसानं लिहिलेला नव्हता. ही गोष्ट शाल्मलीइतकी दुसऱ्या कुणाला ठाऊक असणं शक्य नव्हतं, कारण ज्या सॉफ्टवेअरनं ती नोंद केली, त्याचे रकाने आखण्याचीच तिची नोकरी होती.

त्या सॉफ्टवेअरचं नाव 'पाळणा'. राज्यात जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या हातात दवाखान्यातच एक मनगटी बांधली जाई. मऊ रबराची, त्यात काळे मणी ओवलेले. मणी मुद्दाम काळे ठेवले होते, म्हणजे आज्यांना वाटावं की दृष्ट लागू नये म्हणून आहे, आणि त्यांनी ती कापून फेकू नये. एक मणी घामातलं मीठ मोजे, एक ताप, एक नाडी, एक श्वास. मेंदूज्वराची चाहूल ताप चढण्याआधी घामात लागते, हे कळल्यापासून तर मनगटीशिवाय मूल म्हणजे हेल्मेटशिवाय स्कूटर, असं लोक म्हणू लागले होते. मनगटीनं मोजलेलं सगळं 'पाळण्या'त जाई, आणि तिथं प्रत्येक मुलाचं एक पान आपोआप तयार होई.

पान तयार होतं ते साच्यातून. ऑफिसात त्याला कंटेंट टाइप म्हणत. शाल्मली साचा म्हणे, कारण तो तसाच होता, करंजीच्या साच्यासारखा. 'बाळ' नावाच्या साच्यात कोणते रकाने असावेत, त्यातले कोणते दिसावेत, कोणते झाकावेत आणि कुणी काहीच भरलं नाही तर रकान्यात आधीपासून काय असावं, हे ठरवायचं. त्या आधीपासून असलेल्याला डीफॉल्ट म्हणतात. ऐकायला काम क्षुल्लक वाटतं. पण माणसं भरलेल्या रकान्याला हात लावत नाहीत. कंटाळा, घाई, भीती, काहीही म्हणा. दहातले नऊ जण जे आहे ते तसंच ठेवून पुढे जातात. म्हणजे दहातल्या नऊ जणांच्या आयुष्यात काय लिहिलं जाणार, हे एका खोलीत बसलेला कुणीतरी आधीच ठरवून ठेवतो.

'सांभाळणारी व्यक्ती' या रकान्याबद्दल ठरवलं होतं विश्वजित शिरोळेंनी. कंपनी त्यांची.

"रिकामा ठेवू या सर," शाल्मली तेव्हा म्हणाली होती. तिचं लग्नही झालं नव्हतं तेव्हा. "कुणाकडे मूल आहे ते त्या त्या वेळी कुणीतरी भरेल."

"रिकामा रकाना म्हणजे 'जबाबदार कोण' म्हणून विमा कंपनीचा फोन आणि माझं डोकं," शिरोळे म्हणाले होते. "माझ्या सॉफ्टवेअरमध्ये रिकामं काही राहणार नाही. आई लिही. मुलाला आईच सांभाळते, यात वाद कसला?"

आणखी एक काटकसर त्यांनी केली होती. ज्या रकान्याला माणसाचा हात लागला नाही, तो साठवायचाच नाही. लाखो पानांवर तोच शब्द कशाला साठवायचा? पान उघडलं की साच्यातून डीफॉल्ट आणायचं आणि दाखवायचं. वर्षाला केवढी तरी वीज वाचली. त्याबद्दल त्यांना एक ढालही मिळाली होती. ती स्वागतकक्षात काचेच्या कपाटात ठेवलेली असे.

*

ज्या दिवशी ते घडलं, त्या दिवशी पावनी कंपनीच्याच पाळणाघरात होती. शाल्मली दोन मजले वर.

वरचा मजला सुरक्षित विभाग. मुलांची माहिती बाहेर फुटू नये म्हणून आत जाताना फोन दारातल्या लॉकरमध्ये ठेवायचा, हा कंपनीचा नियम. पाळणाघरात शोभाताई एकट्या आणि मुलं चौदा. दुसरी बाई सोडून गेल्याला महिना झाला होता. पावनीच्या मनगटीतल्या मण्यानं घामातला फरक ओळखला आणि सूचना पाठवली. कुणाला? सांभाळणाऱ्या व्यक्तीला. सांभाळणारी व्यक्ती कोण? आई. फोन लॉकरमध्ये वाजला. परत वाजला. खाली शोभाताईंच्या टेबलावरचा टॅब गप्प होता, कारण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटलं, पोर आज शहाण्यासारखी झोपलीय.

संध्याकाळी शाल्मली तिला उचलायला गेली तेव्हा पावनीची मान ताठ झाली होती.

जीव वाचला. डाव्या कानाचं ऐकणं गेलं.

अभिनंदन, शाल्मलीचा नवरा, तंतुवाद्यांच्या गल्लीत तंबोऱ्यांची जवारी काढायचं काम करी. घोडीवरून सूतभर कमी-जास्त घासलं तर तार बोलते की कण्हते, हे ओळखणारे कान त्याचे. डॉक्टरांनी सांगण्याआधीच त्याला कळलं होतं. घरी आणल्यावर त्यानं पावनीच्या डाव्या बाजूला बसून तंबोऱ्याची तार छेडली, आणि ती आवाज शोधत उजवीकडे बघायला लागली. एकाच कानाला ऐकू आलं की आवाज कुठून आला ते मेंदूला कळत नाही. दोन कानांतल्या फरकावरूनच तो दिशा काढतो. अभिनंदननं तारेवर हात ठेवून ती थांबवली आणि बराच वेळ हात काढलाच नाही.

*

"सर, एक शब्द बदलायचाय," शाल्मली शिरोळेंसमोर उभी राहून म्हणाली. "त्या वेळी सांभाळणारी व्यक्ती मी नव्हते. पाळणाघर होतं. माझा फोन तुमच्या लॉकरमध्ये होता."

दवाखान्याला ती नोंद बदलता येत नव्हती. अशा नोंदींची सुनावणी घेणाऱ्या बालहित मंडळालाही नाही. घटना जिथं घडली, त्या संस्थेच्या प्रमुखानंच ती बदलायची, असा कायदा होता.

शिरोळेंनी खुर्ची ओढून दिली, चहा मागवला. ते सगळ्या मुलींना बेटा म्हणत आणि प्रत्येकीच्या बाळाच्या बारशाला चांदीची वाटी पाठवत.

"बेटा, मला कळत नाही का? पण हात लावला की दिसतं. मग विचारतात, का लावला. मग पाळणाघर बंद. इथल्या बाकीच्या आयांनी काय करायचं? तू एकटीचा विचार करून चालेल?"

"माझ्या नावावर हयगय लागलीय सर."

"लागू दे गं. वेळ जाईल तसं लोक विसरतात." त्यांनी बिस्किटाची बशी पुढे सरकवली. "आपण घरचीच माणसं. मंडळाच्या सुनावणीला मी शब्द टाकतो. तू फक्त 'पाळणा-दोन' उभं करून दे. तुझ्याइतका तो साचा कुणाला माहितीय?"

त्याच आठवड्यात कंपनीत एक नवा नियम निघाला, आणि यंत्रातही बसवला गेला. हयगयीची नोंद असलेल्या माणसाची मान्यता मुलांच्या साच्यावर चालणार नाही. शाल्मलीनं साचा करायचा, पण सही करायची नाही. सहीचा अधिकार उरला फक्त शिरोळेंकडे.

शाल्मलीनं तो नियम वाचला आणि चहाचा कप धुवून जागेवर ठेवला. रागावून चालणार नव्हतं. राग लगेच खाल्ला तर तोंड भाजतं. तो कैरीसारखा मिठात मुरत ठेवावा लागतो. तिनं डूख धरला.

*

मंडळाची पहिली सुनावणी जुन्या कचेरीच्या वरच्या मजल्यावर झाली. अध्यक्षा दमयंती कोळेकर, निवृत्त मुख्याध्यापिका. चष्मा नाकावर आणि आवाजात खडू.

"फोन लॉकरमध्ये होता, हे खरं असेलही," त्या म्हणाल्या. "पण मगदूमबाई, त्यासाठी पानावर रकाना नाही. जिथं रकाना नाही ते मी कुठं लिहू? माझ्या हातात पान आहे, आणि पानावर तुम्ही आहात."

"मी तिची आई आहे."

"म्हणूनच." त्यांनी चष्मा काढला. त्या दुष्ट नव्हत्या, आणि शाल्मलीला त्याचाच जास्त राग आला. "पुढच्या सुनावणीपर्यंत नोंद बदलली नाही, तर मुलगी दिवसभर मंडळाच्या केंद्रात देखरेखीखाली राहील. संध्याकाळी घरी. कायदा माझा नाही."

बाहेर जिन्यात अभिनंदन म्हणाला, "जाऊ दे तिथली नोकरी. सोड. दुसरं काहीतरी बघू."

"हयगयवालीला कोण घेणार?"

"मग घरी बस. पावनूला बघ. कशाला त्याच माणसाचं काम करायला जातीस? मला तर त्याचं नाव काढलं तरी घास उतरत नाही."

"मला उतरतो," शाल्मली म्हणाली. "मी चावून खातीय."

अभिनंदननं तिच्याकडे बघितलं. लग्नाआधी पाल पडली तरी खोलीबाहेर पळणारी, पावनी झोपली की तिच्या नाकाशी हात नेऊन श्वास तपासणारी ही बाई. तिचा हा चेहरा त्यानं कधी पाहिला नव्हता. त्यानं पावनीला उजव्या कडेवर घेतलं, म्हणजे तिचा चांगला कान जगाकडे राहील.

*

'पाळणा-दोन'चं काम शाल्मलीनं आयुष्यात केलं नव्हतं इतकं मन लावून केलं.

आधी तिनं तो एक रकाना चिरून दोन केले. जुन्या साच्यात 'सांभाळणारी व्यक्ती' म्हणजे जिला कळवायचं तीही आणि जिच्यावर ठपका ठेवायचा तीही. खरं तर या दोन गोष्टी वेगळ्या. कळवायचं कुणाला? जो जवळ असेल त्याला. तिनं डीफॉल्ट लावलं: घरातले सगळे, आणि मूल ज्या इमारतीत असेल तिथलं उपकरण. पुन्हा कुठल्या शोभाताईचा टॅब मुका राहायला नको. सूड घ्यायचा म्हणून दुसऱ्याच्या पोराच्या केसाला धक्का लागता कामा नये. तो रकाना तिनं इतक्या वेळा तपासला की फरझाना वैतागली.

फरझाना मुल्ला तिच्या शेजारी बसे. शाल्मली साचा करी आणि फरझाना तो मोडून बघे. तेच तिचं काम.

"अगं, चालतंय ते. आता त्या मनगटीला तरी झोपू दे," फरझाना म्हणाली. मग खाली सरकली आणि दुसऱ्या रकान्यावर थांबली. "हे काय?"

रकाना होता 'जबाबदार व्यक्ती'. डीफॉल्टच्या जागी शाल्मलीनं लिहिलं होतं: कुणी न भरल्यास, हे डीफॉल्ट मान्य करणारी व्यक्ती.

"रिकामं ठेवायचं नाही, हा सरांचा नियम," शाल्मली म्हणाली. "कुणाचं तरी नाव पाहिजेच. मग ज्यानं ठरवलं त्याचं असू दे. बरोबर आहे की नाही?"

फरझानानं हिशोब केला. मान्य करणार शिरोळे. हात न लावलेली पानं किती, याचा आकडा रोज सकाळी तिच्याच पडद्यावर येत असे, लाखांत. आणि हात न लावलेला रकाना साठवलेला नसतो. उघडला की साच्यातून येतो. म्हणजे जुन्या पानांवरचं 'आई' सुद्धा एका क्षणात...

"या अल्ला," ती हळूच म्हणाली. मग आजूबाजूला बघून, "चाचणीत पास म्हणून लिहू?"

"चूक सापडली का?"

"चूक तर काही नाही."

"मग लिही."

फरझानानं लिहिलं. आणि डब्यातली अर्धी शेंगदाण्याची पोळी काढून शाल्मलीच्या हातावर ठेवली.

*

मान्यतेच्या बैठकीला दहाबारा जण होते. शाल्मलीनं सगळे रकाने पडद्यावर लावले होते, झाकलेलं एकही नाही. तिला चोरून काही करायचं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांदेखत करायचं होतं.

"सर, जबाबदार व्यक्तीचा रकाना एकदा वाचून घ्या. त्याचं डीफॉल्ट बदललंय."

"छान, छान." शिरोळे फोनमध्ये होते. उद्घाटनाला कोण कोण येणार, याची बोलणी चालली होती.

"सर, मोठा बदल आहे. वाचाच."

त्यांनी मान वर केली आणि सगळ्यांकडे बघून हसले. "बेटा, मीच वाचायला लागलो तर तुला पगार कशाला देतो?"

लोक हसले. फरझाना हसली नाही.

मान्यतेचा पडदाही एक साचाच होता. त्यात पहिला रकाना, 'सर्व डीफॉल्ट वाचली'. पुढे आधीपासूनच 'होय' लिहिलेलं. ही सोयही शिरोळेंचीच, वेळ वाचावा म्हणून. त्यांचं बोट खाली आलं. शाल्मलीनं श्वास धरला, पावनीचा तपासताना धरायची तसाच. ते बोट जरासं वर सरकवून त्यांनी एक ओळ वाचली असती, तरी सगळं मोडलं असतं. तिनं मनातल्या मनात त्यांनाच हात जोडले: वाचू नकोस. आयुष्यभर वाचलं नाहीस, आजही वाचू नकोस.

बोट 'मान्य'वर टेकलं.

"झालं? चला. जेवण सांगितलंय सगळ्यांना."

*

उद्घाटन सांगलीच्या मोठ्या नाट्यगृहात होतं. 'पाळणा-दोन' सुरू करायचं बटण दाबायची वेळ शाल्मलीनंच सुचवली होती, भाषणांच्या आधी. मोठी माणसं येणार म्हणून दारातच सगळ्यांचे फोन ट्रेमध्ये काढून घेतले जाणार, हे तिनं निमंत्रणपत्रिकेच्या खालच्या बारीक अक्षरांत वाचलं होतं. ती बारीक अक्षरं वाचणारी बाई होती.

ती स्वतः गेली नाही. मूल लहान आहे, म्हणून सांगितलं. ते कुणालाही पटतं.

घरात पावनी डब्यांची झाकणं वाजवत बसली होती. शाल्मलीनं तिचं पान उघडून समोर ठेवलं आणि वाट बघितली. पडदा एकदा मिटला, उघडला. जबाबदार व्यक्ती: विश्वजित शिरोळे.

दवाखान्यापासून आजपर्यंत ती रडली नव्हती. आत्ताही रडली नाही. उठली आणि पावनीसाठी गुरगुट्या भात लावला.

तिकडं नाट्यगृहाच्या दारात ट्रेमधला एक फोन वाजायला लागला. राज्यात कुठं कुणाला ताप, कुणी पलंगावरून पडलेलं, कुणाची लस राहिलेली. घरच्यांना आणि पाळणाघरांना कळवलं जात होतंच. ते धावत होते. पण जबाबदार व्यक्तीनंही उत्तर द्यावं लागतं, प्रत्येक मुलासाठी वेगळं. त्यासाठी शिरोळेंनी स्वतः निवडलेला आवाज होता, अंगाई म्हणावी तसा मऊ, बाईचा. तुमच्या बाळाला ताप आहे, कृपया उत्तर द्या. तुमचं बाळ पडलं आहे, कृपया उत्तर द्या. ट्रे सांभाळणाऱ्या पोलिसानं आधी दुर्लक्ष केलं. मग फोन इतका तापला की त्यानं तो रुमालानं धरून बाजूला ठेवला. आत शिरोळे मातृशक्तीवर बोलत होते.

सहा वेळा उत्तर नाही आलं, की नोंद. कारण: पालकाची हयगय. ते डीफॉल्ट शाल्मलीनं बदललं नव्हतं. तेवढंच जसंच्या तसं ठेवलं होतं.

शाल उतरवून ते बाहेर आले, तेव्हा त्यांच्या नावावर राज्यातल्या कुठल्याही आईबापापेक्षा जास्त हयगय लागलेली होती.

फरझानाचा फोन आला. हसू दाबून तिचा आवाज चिरकत होता. "ऑफिसात नुसता गोंधळ चाललाय. म्हणतात, जुनं डीफॉल्ट परत लावा. लावायला मान्यता पाहिजे. मान्यता कोण देणार? सर. सरांनी मान्य दाबलं, तर यंत्र काय म्हणतंय ठाऊक आहे?"

"हयगयीची नोंद असलेल्या माणसाची मान्यता मुलांच्या साच्यावर चालणार नाही," शाल्मली म्हणाली.

"तू ना, बाई..." फरझाना म्हणाली. मग जरा थांबून, गंभीर होऊन, "जयसिंगपूरच्या एका पाळणाघरातलं बाळ वेळेत दवाखान्यात गेलं म्हणे आज. टॅब वाजला तिथला."

शाल्मलीच्या हातातला चमचा थांबला. टॅब वाजला. एवढंच लागतं. एक टॅब.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि आवाज तिचा तिलाच परका वाटला.

*

दुसऱ्या सुनावणीला कोळेकरबाईंनी पान उघडलं, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

"जबाबदार व्यक्ती, विश्वजित शिरोळे. हे कोण तुमचे?"

"कुणी नाहीत," शाल्मली म्हणाली.

"मग मुलीची जबाबदारी यांच्याकडे कशी?"

"त्यांनाच विचारावं लागेल. पान मी लिहिलेलं नाही."

त्यांना बोलावणं गेलेलंच होतं. शिरोळे बाहेर बाकावर बसले होते, दाढी वाढलेली, मांडीवर तीन फोन. शाल्मली आत येताना त्यांनी तिला दारात अडवलं होतं.

"बेटा, विमावाले वकील घेऊन आलेत. बँकेनं हात वर केलेत. माझी नातसुद्धा मला कडेवर घेऊ देत नाहीत, तिचे आईवडील नोंद बघून घाबरलेत. एक डीफॉल्टच आहे गं ते. काढून टाक."

"मला मान्यतेचा अधिकार नाही सर."

"अशी कशी वागतेस? मी तुला मुलीसारखं..."

"लागू दे सर," शाल्मली म्हणाली होती. "वेळ जाईल तसं लोक विसरतात."

आता ते आत येऊन उभे राहिले. कोळेकरबाईंनी वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे बघावं तसं बघितलं.

"ही मुलगी तुमच्याकडे होती?"

"नाही हो मॅडम! मी तिला ओळखतही नाही. ते आपोआप आलंय."

"आपोआप कसं येईल? पानावर आहे." त्यांनी पान त्यांच्याकडे फिरवलं. "तुमचं नाव काढायचं तर सोपं आहे. रकान्याला हात लावा, आणि त्या वेळी मूल खरोखर कुणाकडे होतं ते लिहा. घटना तुमच्या संस्थेतली, तुम्हाला अधिकार आहे. पण काहीतरी लिहावं लागेल. रिकामा राहत नाही म्हणे तो."

शिरोळेंनी शाल्मलीकडे बघितलं. तिनं पापणी हलवली नाही. "आई" लिहिता आलं असतं त्यांना. पण आता हातानं लिहायचं होतं, समोर ती बसलेली, अध्यक्षा बघतायत, आणि खाली नाव उमटणार: हे लिहिणारा, विश्वजित शिरोळे. आपोआप घडलेला अन्याय कुणाचाच नसतो. हातानं लिहिलं की तो आपला होतो.

 त्यांचं बोट एकेक अक्षर शोधू लागलं. कंपनीचं पाळणाघर. मग खाली कारण. तिथं ते थांबले.

"फोनचं काय झालं होतं, तेही लिहा," शाल्मली म्हणाली. या सुनावणीत ती आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य.

त्यांनी लिहिलं. आईचा फोन संस्थेच्या नियमानं लॉकरमध्ये होता. पाळणाघराला सूचना गेली नाही.

कोळेकरबाईंनी ते दोनदा वाचलं. मग शाल्मलीकडे न बघता म्हणाल्या, "मगदूमबाई, मुलीला घरी न्या. हे प्रकरण बंद." आणि जरा वेळानं, चष्मा काढून, "मागच्या वेळी मी..." पुढचं त्यांना सुचलं नाही. शाल्मलीनं सुचवलं नाही.

अभिनंदन पावनीला घेऊन व्हरांड्यात उभा होता. शाल्मलीच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. त्यानं डोळे मिटून भिंतीला पाठ टेकली.

मागून शिरोळे धावत आले.

"शाल्मली! एक झालं. बाकीची लाखांनी आहेत. एकेक करून मी कधी भरणार? मेलो तरी संपणार नाहीत. तुला येतं सगळं, एकदम भरायचं काहीतरी करून दे. सगळ्यांना एकच काहीतरी लावून दे. मागशील तेवढे पैसे घे."

"सगळ्यांना एकच लावलं होतं सर," ती म्हणाली. "तुम्हीच. आता बसा आणि विचारा. प्रत्येक पोर त्या वेळी कुणाकडे होतं, ते एकेका घरी विचारा आणि भरा."

"अगं, तुला कळतंय का काय करतेस तू माझं? काही तरी माया..."

त्यांच्या हातातला फोन वाजला. तुमच्या बाळाला ताप आहे. कृपया उत्तर द्या. मऊ, बाईचा आवाज.

पावनीनं आवाज ऐकला. हसली, आणि तो कुठून येतोय ते शोधायला लागली. उजवीकडे बघितलं, तिथं नुसता जिना. वर बघितलं. आवाज तिच्या डाव्या हाताला, दोन पावलांवर होता, आणि तिला सापडत नव्हता. शिरोळे बघत होते. हे त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. 

अभिनंदन जायला वळत होता. शाल्मलीनं त्याला थांबवलं. तळवा पावनीच्या गालाला लावून तिची मान तिनं हळूच डावीकडे, शिरोळेंकडे, फिरवली आणि तशीच धरून ठेवली.

"इकडं बघ, पावनू," ती म्हणाली. "हे बघ. हे ते."